धाप लागेपर्यंत

९ जुलै

दादा,

नमस्कार पोहोचला असं समज, आशीर्वाद पाठवायला विसरू नकोस. गठ्ठ्यात शाळेच्या गणवेशाच्या चौदा पँटी आहेत, सगळ्यांची उंची सोडायची आहे, चिठ्ठ्या कमरेला टाचल्यात. फोनच करणार होते. पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडते ते आमच्या सगळ्या जिन्याला ऐकू येतं, म्हणून लिहिते. गठ्ठ्यातून पत्र फुकट जातं हा आणखी एक फायदा.

शाळेत माझ्या गळ्याशी आलंय. माझे प्रत्येक वर्गाला आठवड्याला तीन तास मैदानाचे, हे तुला ठाऊक आहे. गेली नऊ वर्षं या शाळेत मी तेच करते आहे आणि कुणी मला शिट्टी वाजवायला शिकवावं अशी माझी परिस्थिती नाही. खेळ म्हणजे काय हे मी पोरांना सोपं करून सांगते. मध्येच कुणी नाव विचारलं तर नाव सांगता यावं, कविता म्हणता येऊ नये. एवढी धाप लागली तर तो खेळ, नाहीतर ते नुसतं फिरणं. वाढत्या अंगाला रोज तासभर तरी अशी हालचाल हवी, असं मी पालकांच्या प्रत्येक सभेत घसा फोडून सांगते आणि ते माना डोलावतात.

तर मागच्या आठवड्यात सातवीच्या तासाला मी घड्याळ लावलं. सहा पोरं निवडली आणि चाळीस मिनिटांत प्रत्येकाला किती मिनिटं धाप लागते ते मोजलं. सरासरी चार मिनिटं. त्यातलंही एक मिनिट कुत्रा आत शिरला होता तेव्हाचं. बाकीचा वेळ पोरं कडेला उभी. चेंडू पायाशी आला तर ढकलतात, दूर गेला तर कुणीतरी आणेल म्हणून एकमेकांकडे बघतात. एक मुलगी आहे, तिला सगळे कंपास म्हणतात, कारण तिचे पाय संपतच नाहीत. पळायलाच जन्मलेली. तीसुद्धा भिंतीला पाठ लावून हाताची घडी घालून उभी.

हे मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, खिडकीतून पाहिलं. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की उभंच राहायचं असेल तर वर्गात उभं राहता येतं. सप्टेंबर संपेपर्यंत फरक दिसला नाही तर मैदानाचे तिन्ही तास गणिताला जातील आणि मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला. चाळीस मिनिटांचे तीन तास, म्हणजे पोरांना उन्हात मोकळं असं हेच काय ते घड्याळाचे दोन तास मिळतात रे आठवड्याला. बाकी व्हॅन, वर्ग, शिकवणी, पलंग.

मी सगळं करून पाहिलं. नवे खेळ आणले, गट पाडले, रागावले, स्वतः पळून दाखवलं. आता पहिल्यांदाच वाटायला लागलंय की माझ्यातच काही कमी पडतंय. बावन्न झाले. बाई कंटाळवाणी झाली तर पोरं तोंडावर सांगत नाहीत. तू सांगशील, म्हणून तुला विचारते. वहिनीला सांग, तिने पाठवलेली उशीची खोळ आखूड झाली.

तुझी,
भिंगरी


१७ जुलै

भिंगरे,

आशीर्वाद घे. हवे तितके घे, इथे पडूनच असतात.

चौदाही पँटी सोडून पाठवतो आहे. खोळीचं वहिनीला सांगितलं. ती म्हणते उशी फुगली असेल.

तू कंटाळवाणी? लहानपणी तुला जेवायला बसवायला आईच्या नाकी नऊ यायचे. घराभोवती गरगर फिरायचीस म्हणून तर भिंगरी नाव पडलं. तुझ्यात काही कमी नाही, हे आधी डोक्यातून काढ. आजकालची पोरं तशीच. आमच्या समोरच्या घरातला मुलगा दिवसभर फोनमध्ये नाक घालून बसलेला असतो. सगळीकडे तेच चाललंय, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार.

एक विचारू? तुझी पोरं मैदानात खाली बसतात का? उकिडवी बसतात का? आणि जिना चढताना एकेक पायरी चढतात की दोन-दोन? सहज विचारतो आहे.

पुढच्या गठ्ठ्यात सातवीच्या दोन वापरलेल्या पँटी आणि एक सदरा पाठव. दुरुस्तीला नकोत. कापड कसं टिकलंय ते बघायचं आहे.

काम फार आहे, म्हणून एवढंच.

दादा


२६ जुलै

दादा,

तुझ्यासारखा शिंपी मिळणार नाही. बहिणीची नोकरी टांगणीला लागली आहे आणि याला कापडाची काळजी. पाठवते आहे दोन पँटी, एक सदरा. घे, कुरवाळ.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. खाली बसत नाहीत. जिना एकेक पायरीने चढतात, तोही कठड्याला धरून, जणू घरची सगळी वडीलधारी मंडळी एकदम आली आहेत. मला वाटलं तू पोरांच्या आळसाचा अंदाज घेतो आहेस. आहेतच आळशी.

मी एक मोठा शहाणपणा केला, तो ऐक. मला वाटलं, आकडे दाखवले की मोठ्या बाई वितळतील. म्हणून पालकांना कागद वाटले: तुमचं मूल रोज किती वेळ जोरात खेळतं, ते लिहा. एकशेचाळीस कागद परत आले. दादा, एकाही आईबापाने अर्ध्या तासाच्या खाली लिहिलं नाही. बहुतेकांचं "रोज एक तास". एकाने दोन तास लिहिले, ज्याचा मुलगा दप्तरसुद्धा आजोबांना उचलायला लावतो. कुणाला वाईट पालक दिसायचंय? मोठ्या बाईंनी गठ्ठा चाळला आणि म्हणाल्या, घरी एवढं खेळतात तर शाळेत कशाला हवं. माझ्याच हाताने मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला.

एक बरी गोष्ट घडली, तीही तुझ्यामुळे. परवा तपासणीला पाहुणे आले होते. प्रार्थनेच्या रांगा बघून म्हणाले, असा गणवेश कुठे पाहिला नाही, एक सुरकुती नाही, सगळी मुलं कशी एका रेषेत. मी छाती फुगवून सांगितलं की माझ्या भावाच्या हातचा आहे. निदान आपल्या घरातल्या एकाचं तरी काम इथे सगळ्यांना पसंत आहे.

सप्टेंबर संपायला दोन महिने उरले. मी हात टेकणार नाही, पण खरं सांगते, काल रात्री कव्हरं कशी घालतात ते आठवून पाहिलं.

भिंगरी


६ ऑगस्ट

भिंगरे,

हे पत्र एकटी असताना वाच.

कापडाचं खोटं होतं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली होती, पण तेव्हा मी फोनच्या नावाने खडे फोडून मोकळा झालो. तू लिहिलंस की मी तोंडावर सांगेन म्हणून मला विचारते आहेस. आणि मी मूग गिळून बसलो. गेले तीन आठवडे मशीनवर बसलं की तेच वाक्य समोर येतं.

तुझी पोरं आळशी नाहीत आणि तू म्हातारी झालेली नाहीस. त्यांना माझ्या कपड्यांत पळता येत नाही.

नीट सांगतो. तुमच्या शाळेचा गणवेश मी सोळा वर्षं शिवतो आहे. पहिली पाच वर्षं उस्तादांनी शिकवला तसा शिवला. उस्ताद पँटीत दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा लावायचे. त्याला आम्ही कळी म्हणतो. बाहेरून दिसत नाही, पण माणूस उकिडवा बसला, उडी मारली, लांब टांग टाकली तर कापड तिथे जागा देतं. मग तुमच्या मोठ्या बाई नव्या आल्या. त्यांना रांगेतली पोरं एकसारखी, सरळ दिसायला हवी होती. मीही भरीला पडलो. कळी काढली, मांडी आवळली, सदऱ्याचा बगलेतला घेर कमी केला. पहिला नमुना खुंटीला टांगला तेव्हा मी दुकानात उभा राहून स्वतःवरच खूश झालो. इतका देखणा कपडा माझ्या हातून त्याआधी झाला नव्हता. कुणी जबरदस्ती केली नाही. मला माझ्या हाताचा गर्व झाला.

मापं कशी घेतली ठाऊक आहे? पाय जुळवून, हात खाली, श्वास आत. उभ्या पोरांची. मी मुलं मापली नाहीत, खांब मापले.

पहिल्या वर्षी दुरुस्तीच्या गठ्ठ्यात बसायच्या जागची, आसनाची शिवण उसवलेल्या त्र्याहत्तर पँटी आल्या. दुसऱ्या वर्षी वीस. तिसऱ्या वर्षी दोन. पुढे एकही नाही. मी वहिनीला सांगायचो, बघ, दुहेरी टीप मारली तर शिवण कशी टिकते. शिवण टिकली नव्हती भिंगरे, पोरांनी पाय उचलणं सोडलं होतं. त्याच्या आधी वर्षाला शंभर गुडघे यायचे फाटून. तेही बंद झाले. आणि नव्या गणवेशाला दोन वर्षं झाली तेव्हा तुझ्या शाळेत जागा निघाली, ती मीच तुला कळवली. म्हणजे पळणारी पोरं तू तिथे पाहिलीच नाहीस.

तू पाठवलेल्या पँटी पाहिल्या. गुडघे कोरे करकरीत. मग मी त्याच बेताची एक पँट माझ्या मापाने शिवली आणि घालून पाहिली. स्टुलावर पाय ठेवायला गेलो आणि पहिल्याच पावलाला उसवली. वहिनी दारात उभी होती. ती आधी पोट धरून हसली आणि मग जवळ येऊन उसवलेली शिवण बघायला लागली.

आता काय करायचं ते सांगतो. सातवीच्या चाळीस मुलांची मापं पाठव. पण उभी नको. उकिडवं बसवून मागून कमरेपासून गुडघ्यापर्यंत टेप लाव, आणि हात वर करायला लावून बगलेपासून कमरेपर्यंत. रागावणार आहेस, रागाव. मापं मात्र पाठव.

दादा


२२ ऑगस्ट

दादा,

तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. चौथं पाठवते, कारण कागद संपत आले.

तुझ्या कपड्याचा राग नाही आला. चूक माणसाकडून होते. पण मी तुला विचारलं, माझ्यात काही कमी आहे का, आणि तुला उत्तर ठाऊक असून तू मला समोरच्या घरातल्या पोराच्या फोनची गोष्ट सांगितलीस. ते तीन आठवडे मी आरशासमोर उभी राहून स्वतःला म्हातारी म्हणत होते. याचा राग आला आणि अजून गेलेला नाही. लिहून टाकलं, आता पुढे जाऊ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कंपासला बाजूला घेतलं आणि विचारलं, तू पळत का नाहीस. तिने आधी पोटात दुखतं म्हणून सांगितलं. मी म्हटलं, पँट उसवते का? तिचा चेहरा असा झाला की मी तिची चोरीच पकडली. मग सगळं बाहेर आलं. पाचवीत नवं पोर आलं की मोठी पोरं पहिल्याच दिवशी त्याला धडे देतात: जिना एकेक पायरीने चढ, खाली बसू नकोस, बुटाची नाडी बूट काढून बांध. सदरा बाहेर आला की ओरडा बसतो, म्हणून हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आणि उसवलीच, तर रांगेतून बाहेर काढून ऑफिसच्या दाराशी उभं करतात, येणारे-जाणारे बघतात. ती स्वतः सहावीत तशी उभी राहिली होती, पँट मग आईने घरीच शिवली. त्यानंतर पळालीच नाही.

नऊ वर्षं मी मैदानात उभी आहे दादा. माझ्या अंगावर ढगळ ट्रॅकपँट आणि मी ओरडते आहे, पाय उचला, पाय उचला. एकदाही त्यांच्या कपड्यांकडे त्या नजरेने पाहिलं नाही, दाराशी उभी केलेली पोरं उशिरा आलेली असतील असंच समजले. दुसऱ्या शिंप्याने शिवले असते तर पहिल्याच महिन्यात नावं ठेवली असती. तुझ्या हातचे होते, म्हणून मी कौतुकच करत बसले. म्हणजे चूक अर्धी माझी आहे. अर्धीच, जास्त खूश होऊ नकोस.

शनिवारी सातवीला घरच्या कपड्यांत बोलावलं. कारण सांगितलं नाही. तीच सहा पोरं, तेच घड्याळ. सतरा मिनिटं. कंपास तर अशी सुटली की कुंपणाला धडकून थांबली आणि तिथेच हसत बसली. खाली बसली, दादा. उकिडवी. सगळं खापर कळीवर फोडू नकोस मात्र. तीनचार जण तेव्हाही ढिम्म उभे होते. त्यांचं दुखणं निराळं आहे आणि ते माझं काम आहे, मी बघेन.

पण शाळेत रोज घरचे कपडे चालायचे नाहीत. आणि मोठ्या बाईंना हे मी सांगणार नाही. तू गर्वाने केलंस ना, मग तूच पत्र लिहून सांग. ऑर्डर गेली तर जाऊ दे.

मापं सोबत आहेत. चाळीसही उकिडवी. एक पोर मागे कलंडलं, त्याच्या मापात दोन बोटं कमी-जास्त धर.

भिंगरी


७ सप्टेंबर

भिंगरे,

चाळीस पँटी, चाळीस सदरे. कापड तेच, रंग तोच, त्यामुळे दुरून फरक कळणार नाही. प्रत्येकीत कळी आहे, आणि नुसता धावदोरा घालून नाही, दोन्ही बाजूंनी टीप मारलेली. पोरांना सांग, उसवली तर लपवू नका, माझ्याकडे पाठवा. वहिनीने सगळी काजं केली. तिची बोटं सुजली आहेत आणि ती मला तुझ्यापेक्षा जास्त बोलते आहे.

मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. दीड पान झालं. आयुष्यात एवढं कठीण काही शिवलं नव्हतं. त्यांचं नाव कुठे घेतलं नाही, माझंच लिहिलं. ऑर्डर काढून घेतली तर माझी तक्रार नाही, पण मैदानाचे तास काढू नका, कारण ज्या गोष्टीबद्दल तुम्ही बाईंना आणि मुलांना दोष देता आहात, ती माझ्या कैचीने केली आहे. असं लिहिलं.

उत्तर आलेलं नाही. तुझा राग गेला का तेही लिहू नकोस, गेला की कळेलच.

दादा


२५ सप्टेंबर

दादा,

बसून वाच, चष्मा लावून वाच आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखव.

मोठ्या बाई काल मैदानात आल्या. खुर्ची मागवली, ती उन्हात ठेवली. मी त्यांच्या हातात घड्याळ दिलं आणि म्हटलं, मूलही तुम्हीच निवडा, मिनिटंही तुम्हीच मोजा. त्यांनी मुद्दाम आमच्या लाडूला निवडलं. लाडू म्हणजे वर्गातला सगळ्यांत गोल मुलगा, गेल्या महिन्यात घरच्या कपड्यांतही जागचा हलला नव्हता तो. पण गेले दोन आठवडे मी त्याच्याच मागे हात धुवून लागले होते. त्याला पळायला सांगितलंच नाही, पकडायला सांगितलं. त्याला कुणीतरी समोर लागतं, मग तो थांबत नाही.

चाळीस मिनिटं संपली तेव्हा लाडूच्या नावावर एकवीस जमा होती. बाईंनी त्याला जवळ बोलावून पाचवीतली एक कविता म्हणायला लावली. त्याने तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. हात गुडघ्यावर टेकून तो बाईंकडे बघून इतका खूश हसत होता की त्यांनाही हसू आवरेना.

मग त्यांनी मुलांना घालवलं. तुझं पत्र त्यांच्या पर्समध्ये होतं. मला म्हणाल्या, तुमच्या भावाने माझं नाव लिहिलं नाही, पण सरळ रांग मीच मागितली होती. ऑफिसच्या दाराशी पोरांना उभं करायचंही मीच सुरू केलं होतं. ते आजपासून बंद. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

तास राहिले, दादा. तीन नाही, चार. गणिताच्या सरांचा एक गेला, ते माझ्याशी बोलत नाहीत.

आणि तुझ्या ऑर्डरचं मी भीतभीतच विचारलं. बाई उठल्या, खुर्ची स्वतः उचलली आणि म्हणाल्या, "ज्यांनी शिवलं त्यांनीच उसवावं." सहाशे पँटी आहेत. पहिला गठ्ठा सोमवारी निघेल. रागाचं म्हणशील तर तुला उसवायला लागणार हे ऐकून थोडा उतरला.

भिंगरी


९ ऑक्टोबर

भिंगरे,

दोनशे झाल्या. माझीच शिवण, दुहेरी, घट्ट. उसवताना कळतं की किती पक्कं काम केलं होतं. बोटांना चिरा पडल्यात. वहिनी मदतीला बसते, पण उसवायला नाही. म्हणते, ते तुमचं, मी कळ्या कापते.

तुझे चार तास झाले हे वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. काही केलं नाही, नुसता फिरून आलो. भिंगरे, तुझा मला अभिमान वाटतो. बोलून दाखवायची सवय नाही, म्हणून लिहितो.

पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. या पँटी उसवता येतात. तुझ्या शाळेतून दरवर्षी दहावीची साठ पोरं बाहेर पडतात. अकरा वर्षं झाली. सहाशे साठ. ती माझे कपडे घालून वाढली, मग नोकरीला लागली, कुणी कॉलेजात गेली, त्यांची उंची थांबली, हाडं पक्की झाली. त्यांच्यात मी आता कुठून कळी लावू? वाढत्या अंगाला रोज तासभर, असं तूच म्हणतेस. तो तास मी त्यांच्या अंगातून कापून घेतला आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. वहिनी म्हणते, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी घेतो.

याला उत्तर नाही हे मला माहीत आहे. तू देऊ नकोस.

दादा


२ नोव्हेंबर

दादा,

तू नको म्हणालास, म्हणूनच देते.

तुझं पत्र मी मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. विचारलं नाही तुला, रागाव. त्यांनी ड्रॉवर उघडून मैदानाच्या फाटकाची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी फाटकावर कागद चिकटवला: या शाळेतून बाहेर पडलेल्या सगळ्यांसाठी, रोज संध्याकाळी पाच ते सहा, मैदान उघडं आहे, घरच्या कपड्यांत या. कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं. मी आपली खुर्ची टाकून बसले.

पहिल्या दिवशी सतरा जण आले. एकाला दाढी होती, त्याला मी ओळखलंच नाही. एक औषधांच्या दुकानातून सुटून तसाच आला होता. दोघी मैत्रिणी नुसत्या गप्पा मारायला आल्या आणि खरंच नुसत्या गप्पा मारून गेल्या. मी त्यांना तुझ्या कपड्याची सगळी गोष्ट सांगितली, काही लपवलं नाही. काही जण हसले. दाढीवाला चिडला आणि म्हणाला की सातवीत त्याला सगळ्यांसमोर दाराशी उभं केलं होतं. मी त्याची माफी मागितली. तुझ्या वतीनेही मागितली.

त्यांच्यात एक मुलगी आहे, विशीची. दवाखान्यात नर्सचं शिकते. शाळेत असताना सहा वर्षं भिंतीशी उभी राहिली ही, मला स्पष्ट आठवतं, आणि मी तिच्या प्रगतिपुस्तकात "खेळात रस नाही" असं माझ्या हाताने लिहिलं होतं. ती गोष्ट ऐकून हसली नाही, चिडली नाही. बूट घट्ट बांधले आणि एकटीच पळायला लागली. दीड फेरीत दमली. माझ्या खुर्चीपाशी येऊन खाली बसली. मी पाणी दिलं, तिने ते हातातच धरून ठेवलं. श्वास जागेवर यायला तिला बराच वेळ लागला.

मग म्हणाली, "बाई, मला वाटायचं मला पळता येत नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही दोघी रडलो.

दादा, ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. दाढीवालाही येतो, अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण येतो. काल एकवीस जण होते. तिच्या अडीच फेऱ्या झाल्या. मी रोज मोजते आहे.

तुझी,
भिंगरी